तापणाऱ्या लाकडाचं पॉलिश

सावेडी, नगर
४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सहादेव मिस्तरींना डेव्हिडचा सलाम.

परवा फोन लावला होता. कडूबाईकाकूंनी उचलला आणि म्हणाल्या, "तेन्ला आता कानाशी ढोल बडिवला तरी ऐकू येत न्हाई. तू आपलं कागदावर लिव्ह." म्हणून लिहितोय. अठरा वर्षांपूर्वी मिरजगावच्या तुमच्या शेडमधून निघालो तेव्हा पोहोचल्याचं पत्र टाकतो म्हणालो होतो. ते हेच समजा.

नागापूरचा कारखाना मी ऑगस्टमध्ये सोडला. दम लागतो. आमच्या घराचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे आणि मी दोनदा थांबतो. दारांवर पीयू म्हणजे रासायनिक पॉलिश फवारायच्या बंद खोलीत आता उभं राहवत नाही. एंजेला म्हणते, हातात कसब आहे, घरी बसून काहीतरी करा. आणि खरंच एक काम चालून आलं. पुण्याच्या राजेश्वरीबाई म्हणून आहेत, त्या जुने तंबाखूचे पाइप गोळा करतात आणि नवे करून हौशी लोकांना विकतात. त्यांनी बारा पाइप पाठवलेत. हे नीट झाले तर दर महिन्याला तेवढे देणार. म्हणजे मला पुन्हा त्या खोलीत जावं लागणार नाही. मिस्तरी, मला एवढंच हवंय.

लाकूड आपल्याकडचं नाही. ब्रायर म्हणतात. समुद्राकाठच्या कुठल्याशा झुडपाच्या मुळाशी गाठ येते, ती कोरून पाइपाची वाटी करतात. रेषा इतक्या सुंदर की तुम्ही पाहिलं असतं तर जेवण विसरला असता. पण वर कोणीतरी जाड वार्निश मारलंय, ते फुगून पापुद्रे निघालेत. बाईंची अट एकच आहे. वाटी आत पेटते, बाहेरून हातात तापते, माणूस ती तोंडाशी धरतो. तर असं काय लावायचं की तापलं तरी वितळणार नाही, आणि विषारी वाफ येणार नाही? पीयूचं मी त्यांच्याकडे नावच काढलं नाही.

तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

तुमचा,
डेव्हिड भिंगारदिवे


मिरजगाव
१५ नोव्हेंबर २०२४

चि. डेव्हिड यास सहादेव मिस्तरीचा आशीर्वाद.

अठरा वर्षांनी पत्र टाकलंस आणि त्यातही काम काढलंस. मास्तरचा मुलगा ना तू, फुकट शाई कशाला घालवशील! असो. रंधा मशीनने माझे कान खाल्ले, डोळे अजून शाबूत आहेत. तुझं अक्षर मात्र बिघडलंय. ओळी घसरतात.

जिन्याचं काय सांगतोस, चव्वेचाळिसाव्या वर्षी? मी सत्तरीत पत्र्यावर चढतो. शहरात बसून बसून तुम्ही लोक मऊ झालात.

आता मुद्द्याचं. जुनं वार्निश स्पिरिटच्या बोळ्याने उतरव, पातं लावू नकोस. वाटीच्या आत काही म्हणजे काही लावायचं नाही. आत काजळीचा पातळ थर असेल तो राहू दे, तोच लाकडाला वाचवतो. बाहेरून चपडा लाख. औषधाच्या गोळ्यांनाही लाखच चढवतात म्हणे, म्हणजे पोटात गेली तरी हरकत नाही. चांगल्या स्पिरिटमध्ये पातळ भिजव, मलमलीत गाळ, कापसाची गादी जुन्या धोतरात बांध आणि फिरव. पाव किलो चपडा सोबत पाठवतो.

आणि थर वाळला का हे घड्याळाला विचारू नकोस, नाकाला विचार. वास तिखट असेल तर थांब, गोडसर झाला की पुढचा थर, वासच उरला नाही तर तू उशीर केलास. बोट लावून बघणारा कारागीर नव्हे, तो चोर. ठसा ठेवून जातो. माझ्याकडे एकवीस जण शिकून गेले, पण असं नाक पहिलं तुझंच होतं. तुझ्या मालकाला मी तेव्हा हेच सांगितलं होतं, की हा मुलगा वासावर थर देतो, एक दार परत येणार नाही. आलं का कधी एखादं?

काकू म्हणते, "त्याला म्हनावं कवातरी जेवायला ये, कामापुरतं काय लिव्हतो."

सहादेव मिस्तरी


सावेडी
२ डिसेंबर २०२४

आदरणीय मिस्तरी, सलाम.

अठरा वर्षांत एकही दार परत आलं नाही. मालक नवीन लोकांना माझ्यापाशी आणून उभं करायचे. म्हणायचे, याचं नाक बघा. मी मास्क वर करायचो, दाराजवळ जाऊन एक दीर्घ श्वास घ्यायचो आणि पुढच्या थराला किती मिनिटं ते सांगायचो. लोक हसायचे, पण कुणाचं बोट माझ्या दाराला लागलं नाही.

लाख लावली. पहिला पाइप इतका चमकला की एंजेला म्हणाली, हा देवळात ठेवा. पण तासभर तापवून पाहिला आणि हिरमोड झाला. लाख मऊ पडली, बोटांचे ठसे उठले, ओल्या हाताने धरला तिथे पांढरा डाग आला. लाख विषारी नाही हे खरं, पण ताप सोसत नाही. बाईंना फोटो पाठवला. त्यांनी लिहिलं, घाई नाही. मला आहे, मिस्तरी. कारखान्यातून दोनदा निरोप आलाय, परत कधी येतोस म्हणून.

तेलाचं काय? जवसाचं चालेल? बाजारात डबल बॉईल मिळतं त्याच्या डब्यावर कवटीचं चित्र आहे. ते बघून परत ठेवलं.

काकूंना म्हणावं, बसने यायला जमलं की नक्की येतो. सध्या स्टँडपर्यंत चालणं होत नाही.

तुमचा,
डेव्हिड


मिरजगाव
१४ डिसेंबर २०२४

चि. डेव्हिड यास आशीर्वाद.

तापवून पाहिला म्हणजे ओढून पाहिला, असं सरळ लिही की! मला काय कळत नाही? ज्याला जिन्यात दम लागतो, स्टँडपर्यंत चालवत नाही आणि ज्याच्या घरात बारा पाइप आहेत, तो काय करत असेल हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा. तुझ्या वडिलांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही. लाज बाळग आणि सोड.

डबल बॉईल तेल घेतलं नाहीस हे बरं केलंस, त्यात लवकर वाळायला धातूची औषधं घालतात. खायचं जवस तेल विषारी नाही, पण महिनाभर वाळत नाही, आणि जास्त झालं तर चिकट राहतं. मी स्वस्थ बसलो नाही. बाभळीच्या गाठीची एक वाटी कोरली, तिला चार बाजूंनी चार प्रकार लावले आणि आत चुलीतला निखारा ठेवला. मधमाशीचं मेण आधी पळालं. लाख मागोमाग. शेंगदाण्याचं तेल आठवड्यात खवट झालं. हे सगळं मी जिभेनेही चाखून पाहिलं. काकू म्हणाली, "म्हातारं येडं झालं, लाकूड चाटतंय." उरलं एक. परदेशातल्या ताडाच्या पानांवर मेण येतं, कार्नौबा म्हणतात, पिवळ्या पापड्या असतात. गाडी चमकवायला वापरतात तेच, पण शुद्ध घे, डब्यातलं मिश्रण नको. ते निखाऱ्याला पुरून उरलं आणि जिभेला चव नाही, वास नाही. जवसाचं अगदी हलकं बोट, पंधरा दिवस वाळवण, वर हे मेण. हेच तुझं उत्तर.

मशीनच्या चाकावर लावतात, पण तू हातानेच घास. चाक धूळ उडवतं. हाताने घासायला जोर लागतो, तो तुझ्यात आहे.

आता माझं एक काम. माझा भाचा गोरक्षनाथ, बहिणीचा, तुझ्यानंतर माझ्याकडे शिकला. नाक तुझ्या तोडीचं. तू सोडलेली जागा त्याला मिळवून दे. मालक तुझा शब्द टाळणार नाही.

सहादेव मिस्तरी


सावेडी
१९ जानेवारी २०२५

आदरणीय मिस्तरी, सलाम.

नाताळाला तुमची आठवण काढली. एंजेलाने करंज्या केल्या होत्या, त्या पाठवायच्या राहून गेल्या.

तुमचं उत्तर बरोबर आलं. चार पाइप झाले. मेणाची चमक आरशासारखी नाही, आतून आल्यासारखी आहे. दोन तास तापवले, ठसा नाही, चिकट नाही, वास नाही. मी ओढलेले नाहीत, मिस्तरी. वाटीत गरम वाळू भरतो. बाईंनी चारही ठेवून घेतले आणि कुणा तज्ज्ञाकडून तपासले. फिनिश पूर्ण सुरक्षित आहे असं त्यांनी लिहिलंय. हे यश तुमचं आहे.

पण घासायला वेळ लागतो. खरं सांगायचं तर घासते एंजेला. मी खुर्चीत बसून कुठे कमी आहे ते दाखवतो. डॉक्टरांनी छातीचा स्कॅन सांगितलाय, पुढच्या आठवड्यात आहे.

गोरक्षनाथसाठी ती जागा नको. तिथली हवा चांगली नाही. त्याला तुमच्याजवळच ठेवा, दारं-खिडक्या करू द्या. राग मानू नका.

तुमचा,
डेव्हिड


मिरजगाव
१ फेब्रुवारी २०२५

डेव्हिड यास,

राग मानू नका म्हणे! मानला. हवा चांगली नाही त्या खोलीत तू अठरा वर्षं काढलीस, घर उभं केलंस, आणि माझ्या भाच्याच्या वेळेला हवा बिघडली. उद्या कुणी म्हणालं डेव्हिडसारखंच गोरक्षनाथचं काम आहे, तर तुझं काय कमी होणार होतं? तुझ्या आधी मी कुणाला असं हातात हात धरून शिकवलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

मी स्वतः त्याला घेऊन नागापूरला गेलो. मालकाने ओळखलं. एक ओलं दार समोर ठेवलं, गोरक्षनाथने मास्क वर केला, वास घेतला आणि बोटांनी दाखवलं, आठ मिनिटं. आठ मिनिटंच लागली. मालकाने मला लिहून दाखवलं, आमचा डेव्हिड परत आला. मी छाती काढून उभा होतो. सोमवारपासून तो कामाला आहे.

पाइप जमले हे वाचून आनंद झाला. वाळूची गोष्ट मात्र मला सांगू नकोस. खोटं बोलायला तुला मी शिकवलेलं नाही. स्कॅनचं काय झालं ते कळव.

सहादेव मिस्तरी


सावेडी
२२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मिस्तरी, सलाम.

तुम्ही ओळखलंत तेच खरं. पाइप मी ओढतो. इतके हाताशी असल्यावर मोह झाला. कारखान्यात असतानाही चोरून विडी ओढायचो, बरीच वर्षं. डॉक्टरही तेच म्हणाले, सगळं तंबाखूने झालंय, दुसरं काही कारण नाही. तुमच्याशी खोटं बोललो, क्षमा करा.

गोरक्षनाथला जागा मिळाली, त्याचं अभिनंदन. त्याला माझा एवढा एकच निरोप द्या. मास्क अजिबात उचलायचा नाही. लाखेचं काम वेगळं, पीयूचं वेगळं. त्यात दुसरा डबा असतो, थर कडक करणाऱ्या हार्डनरचा. थर घड्याळ लावून द्यावा, चुकला तर चुकू दे. कारण विचारलं तर डेव्हिडने सांगितलंय म्हणा. विसरू नका मिस्तरी, हात जोडतो.

पाइप सहा झाले. एंजेलाचे हात दुखतात.

तुमचा,
डेव्हिड


मिरजगाव
८ मार्च २०२५

चि. डेव्हिड यास आशीर्वाद.

कबूल केलंस, बरं वाटलं. राग गेला. तंबाखूने भल्याभल्यांना गाडलंय, पण सोडली की छाती धुऊन निघते. काकूने अडुळशाचा काढा करून दिलाय, बाटली सोबत आहे. रोज दोन चमचे घे आणि ते पाइप नजरेसमोरून हलव.

निरोपाचं मात्र मी ऐकणार नाही. मास्क न उचलता थर कळणार कसा? घड्याळ लावून थर द्यायचा तर माझ्याकडे शिकला कशाला? त्याने चुकावं आणि लोकांनी म्हणावं डेव्हिडसारखा कुणी नाही, असंच ना? मोठा हो जरा. मी गोरक्षनाथला काहीही सांगितलेलं नाही. काल फोनवर काकूला म्हणाला, "मामाला सांग, माझं नाक मालकानं सगळ्यास्नी दाखिवलं." मला लिहून दाखवलं तिने. तुझ्या वेळचाच आनंद झाला बघ.

उन्हाळ्यात येतो तुझ्याकडे. सगळे बारा पाइप एकत्र बघायचे आहेत.

सहादेव मिस्तरी


सावेडी
६ एप्रिल २०२५

आदरणीय मिस्तरी यांना एंजेलाचा सलाम.

डेव्हिड गेले. तेवीस मार्चला सकाळी, खुर्चीतच. आडवं झोपता येत नव्हतं, महिनाभर बसूनच होते. तुमचं शेवटचं पत्र त्यांनी वाचलं होतं. काढाही दोन चमचे घेतला. म्हणाले, मिस्तरींना कळव की घेतला.

त्यांनी मला शपथ घातली होती की तुम्हाला काही सांगायचं नाही. माती देईपर्यंत मी ती पाळली. आता मोडते आहे.

त्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. विडीही नाही, पाइपही नाही. जानेवारीत डॉक्टरांनी स्कॅन पाहिला आणि विचारलं, कामाला असताना मास्क नव्हता का? हे म्हणाले, होता की, चांगला होता. मग फुप्फुसं अशी कशी? तेव्हा यांनी टेबलाजवळ वाकून करून दाखवलं. मास्क असा वर करायचा आणि असा खोल वास घ्यायचा, प्रत्येक थराला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती वेळा? हे अगदी अभिमानाने म्हणाले, तीस-चाळीस. डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा उजेडाकडे धरला. मग म्हणाले, हार्डनरची वाफ आहे ती, तुम्ही अठरा वर्षं ती मोजून आत घेतलीत. आता यावर औषध नाही.

रिक्षात बसल्यावर हे पहिलं काय बोलले माहीत आहे? मिस्तरींना कळता कामा नये. म्हणाले, त्यांच्या वेळी फक्त लाख होती, त्यांना काय माहीत. म्हातारपणी त्यांनी हे डोक्यावर का घ्यावं. त्यांना वाटतंय मी ओढतो, तर तसंच वाटू दे.

मीही तसंच वाटू दिलं असतं. मला तुमचा राग येतो, मिस्तरी, खोटं कशाला बोलू. पण तुम्हाला दुखवायला मी लिहीत नाही. मातीच्या दिवशी गोरक्षनाथ आला होता, कंपनीचा शर्ट घालून. आमचा जिना चढून आला आणि दारात खोकत उभा राहिला. दोन महिने झालेत त्याला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुःखात वेड लागलेल्या बाईकडे पाहतात. माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल.

उरलेले पाइप मी परत पाठवले. राजेश्वरीबाईंचं उत्तर आलं, फार वाईट वाटलं, आणि एवढं सुरक्षित काम करणारा माणूस पुन्हा मिळणार नाही.

एंजेला


मिरजगाव
२१ एप्रिल २०२५

एंजेला, मुली,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून पाच कागद फाडले. काय लिहू? मी त्याला मारलं आणि त्याने मरताना मला सांभाळलं. वर मी त्याला खोटारडा म्हणालो, भाच्यावर जळतोस म्हणालो. क्षमा मागायचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.

गोरक्षनाथचं सांगतो. तुझं पत्र खिशात घालून मी गुरुवारी नागापूरला गेलो. मालकाने आत सोडलं, गुरू म्हणून खुर्चीही दिली. मी खुर्ची बाजूला सारली आणि सगळ्यांसमोर भाच्याला सांगितलं, मी शिकवलेलं चुकीचं आहे, पुन्हा मास्क वर करायचा नाही. पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं. तिथल्या पाटीवर खडूने मला उत्तर लिहून दाखवलं, मला ऐकू येत नाही ना. लिहिलं होतं, "मामा, डेव्हिडभाऊ पाइप ओढायचे. तुम्हीच सगळ्या गावाला सांगितलं."

खरं आहे. मीच सांगितलं होतं. मिरजगावात येईल त्याला सांगत होतो, डेव्हिड हुशार, पण व्यसनाने वाया गेला. आता खरं सांगतो तर लोकांना वाटतं, म्हातारा चेल्याची अब्रू झाकतोय.

मी हाताने नाही नाही करत राहिलो. तेवढ्यात समोर एक ओलं दार आलं. त्याने मास्क वर केला, वाकून वास घेतला आणि पाटीवर लिहिलं, सहा मिनिटं.

मी त्याचा हात धरायला पुढे गेलो होतो. तिथेच थांबलो. वास माझ्याही नाकात गेला होता, आणि मी खडू घेऊन सहा खोडून पाच लिहिलं.

सहादेव